पाहुण्यांपुढचं गाणं

रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कराओके असतो. निवृत्त माणसं इस्त्रीचे कपडे घालून येतात, पडद्यावर गाण्याचे शब्द पळतात आणि त्यांच्या मागे आमची मंडळी धापा टाकत पळतात. सूर कुठे, ताल कुठे. पण डोळे मिटलेले असतात आणि चेहऱ्यावर असं काही सुख असतं की नावं ठेवायची आपल्यालाच लाज वाटावी. गाणं संपलं की हमखास कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, "काय ते दिवस होते!" सगळे माना डोलावतात. मीही डोलावते, वयाला शोभेल इतपत. मनात म्हणते, तुमचे असतील बाबा. मला ती गाणी आवडत नाहीत असं मुळीच नाही. आवडतात, हीच तर पंचाईत आहे. कुठलीही ओळखीची सुरावट सुरू झाली की माझे ओठ आपोआप हलायला लागतात आणि त्याच वेळी छातीवर कुणीतरी गोणी ठेवल्यासारखं होतं. लोकांना त्या गाण्यांबरोबर कॉलेज आठवतं, सायकली आठवतात, थिएटरची तिकिटं आठवतात. मला एक खोली आठवते आणि त्या खोलीचं दार बाहेरून लावलेलं नसतानाही मला तिथून निघता येत नसे, ते आठवतं.

आम्ही पंचवटीत राहायचो, भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, एक मोरी आणि गल्लीवर झुकलेली एवढीशी गॅलरी. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, मूळचे निफाडकडच्या एका खेड्यातले. बाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर ते भाजीचे लिलाव पुकारायचे. उजाडायच्या आत बाहेर पडायचे आणि उन्हं चढेपर्यंत मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा. घरी येईपर्यंत त्यांच्याकडे आवाज शिल्लक नसे. भाकरी पाहिजे असली की ते हवेत बोटाने गोल काढायचे, पाणी पाहिजे असलं की अंगठा तोंडाकडे न्यायचे, आणि जेवण झालं की पालथी मूठ खाली दाबायचे. याचा अर्थ, मी झोपतोय, घरात आवाज नको. मग दुपारभर आई भांडीसुद्धा फडक्यावर ठेवायची. नाना वाईट नव्हते. कधी हात उगारला नाही. पण ज्या घरात बापाची झोप हाच कायदा असतो तिथे पोरींना दबक्या पावलांनी चालायची इतकी सवय होते, की पुढे जन्मभर त्यांच्या पायाचा आवाज येत नाही. माझी थोरली बहीण लग्न होऊन सिन्नरला गेली, तेव्हा तिच्या सासूने म्हणे कौतुकाने सांगितलं होतं, सून घरात वावरते ते कळतसुद्धा नाही.

आमच्याकडे काय शिजायचं ते बाजार ठरवायचा. गाळ्यावर जे विकलं गेलं नाही ते नाना पिशवीत घालून आणायचे. दुधीचे भाव पडले की आठवडाभर दुधी, त्याची भाजी, त्याचं थालीपीठ, त्याचा हलवा. कोबी आला की कोबी. मी अजूनही दुधी बघितला की तोंड फिरवते, आणि आमची सूनबाई तो आरोग्याला चांगला म्हणून सकाळी त्याचा रस काढते. कोथिंबिरीचं मात्र सुख होतं. जुड्याच्या जुड्या यायच्या. आई एकेक काडी निवडून वड्या थापायची आणि त्या तळल्याचा वास जिन्यातून खाली उतरायचा. खालून वर यायचा तो समोरच्या हॉटेलातल्या मिसळीच्या तर्रीचा वास. हे हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि फळीवर ठेवलेला मोठा रेडिओ. मालकाला एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे रेडिओ सगळ्या गल्लीसाठी लागायचा. आमच्या घरीही रेडिओ होता. त्याच्यावर आईने विणलेला रुमाल होता आणि रुमालावर गणपती. बातम्या, बाजारभाव आणि एकादशीचं कीर्तन यापलीकडे तो रुमाल वर झाला नाही.

बारावीची परीक्षा संपली आणि माझं खाली जाणं थांबलं. कुणी रागावून बंदी घातली नाही. आई एवढंच म्हणाली, "आता काय काम हे खाली तुझं?" हे वाक्य मला अजून सलतं, कारण त्याला उत्तर नव्हतं. गल्लीत हमाल, टेम्पोवाले, गिऱ्हाइकं. वयात आलेल्या मुलीचं खरंच तिथे काही काम नव्हतं. दळण नाना आणायचे, भाजी घरात यायची, दूध दारात यायचं. गॅलरीतही उगाच उभं राहायचं नाही, कपडे वाळत घालण्यापुरतं जायचं. मग मी कपडे धुवायला लागले. समोर माझ्या आवडीचं गाणं लागलं की मी दोरीवरचा वाळलेला परकर ओढायची, मोरीत बुचकळायची आणि पिळत पिळत गॅलरीत यायची. एकेक घडी झटकायला मी एवढा वेळ लावायची की अख्खं कडवं ऐकून व्हायचं. दुसरं कडवं सुरू झालं की आतून हाक यायची. आई शेजारणींना सांगायची, "हिला ना बाई धुण्याचं वेडच लागलंय." तो उन्हाळा मी अशी ओल्या कपड्यांच्या आडून ऐकला. कितीतरी गाणी मला अर्धीच पाठ आहेत. परवा नातीने मोबाइलवर त्यातलं एक पूर्ण लावून दाखवलं. मी ऐकलं, छान आहे म्हणाले, पण मला ते कुणा परक्याचं वाटलं. माझं गाणं पहिल्या कडव्याशी संपत होतं.

ऐकलेलं म्हणायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. नाना झोपलेले असत, नसत तेव्हा आई असे. मोरीचा नळ मोठा सोडला की बादली भरेपर्यंत म्हणता यायचं. नळाला पाणी असायचं त्या वेळात मी अंघोळीला बसायची आणि पाण्याच्या आवाजाखाली गळा सोडायची. त्या एवढ्याशा मोरीत, ओल्या भिंतींना टेकून, मी सिनेमातली सगळी गाणी म्हटली आहेत. विरहाची, बागेतली, होडीतली. आणि एक क्लबातलंही. त्या गाण्याने त्या वर्षी नुसता उच्छाद मांडला होता. दिवसातून दोनदा तरी लागायचं. त्यात रात होती, नशा होती, एक पाहुणा होता आणि त्याला थांबवून घेणं होतं. मधेच बाई खिदळायची आणि ओळीच्या शेवटी चक्क उचकी द्यायची, दारू प्यायल्यासारखी. ते लागलं की आई गॅलरीचं दार लावून घ्यायची आणि म्हणायची, "मेल्यांना लाजा नाहीत." दार लावलं तरी उचकी ऐकू यायचीच. ती उचकी मी मोरीत किती दिवस घोटली असेल! अगदी तंतोतंत यायला लागली तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली होती.

आता दुसऱ्या गाण्याबद्दल सांगते. त्या काळी मुलगी बघायला पाहुणे आले की पोह्यांच्या बशा फिरल्यावर मुलाकडचं कुणीतरी विचारणारच, "गाणंबिणं येतं का? म्हणा एखादं." म्हणून घरोघरच्या मुलींचं एक ठरलेलं गाणं असायचं. माझ्यासाठी आईने खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना गाठलं. त्यांच्याकडे पेटी होती. दोघींनी मिळून एक कृष्णाचं भक्तिगीत निवडलं, आणि त्याची निवड सुनेच्या निवडीसारखी झाली. फार मोठं नको, पाहुण्यांचा चहा निवतो. फार दुःखी नको, अपशकुन वाटतो. प्रेमाचं तर नकोच. वरचे सूर नकोत, मुलगी तोंड वासते आणि दात दिसतात. मान खाली ठेवून म्हणता आलं पाहिजे. शेवटची ओळ म्हणताना वर बघून लगेच पापण्या खाली. काकू पेटीवर हे सगळं सुरात शिकवायच्या. तोवर चार-पाच स्थळं येऊन गेली होती आणि प्रत्येकापुढे मी कृष्णाला आळवलं होतं. कुणाला उंची कमी वाटली, कुणाची पत्रिका जुळली नाही. दर नकारानंतर आई देवाजवळ बसून राहायची आणि मी आत जाऊन हळूच मोकळा श्वास घ्यायची.

कारण मला शिक्षिका व्हायचं होतं. बारावीचा निकाल लागल्यावर मी डी.एड.ला अर्ज केला होता आणि माझं नाव लागलं होतं. कॉलेज गावातच, गोदावरीच्या पलीकडे, आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. दोन वर्षं शिकायचं, मग जिल्ह्यात कुठेतरी शाळा मिळायची. हरसूलकडे डोंगरात मिळाली तरी मला चालणार होती. डोंगरातली एखादी खोली, तिची किल्ली माझ्याजवळ, आणि संध्याकाळी वाटेल तेवढ्या मोठ्याने गाणं म्हणायचं, एवढीच माझी उडी होती. नानांनी नाही म्हटलं नाही. आवाज राखून ते म्हणाले, "सोमवारी जाऊन नाव पक्कं कर. पण शनिवारी मनमाडचे पाव्हने येत्यात. त्यांचं जमलं तर मग ते म्हणतील तसं. नाय जमलं तर शीक." आता यातली गोम अशी की आषाढी एकादशी तोंडावर आली होती. एकादशी झाली की चार महिने लग्नाचे मुहूर्त बंद, थेट तुळशीच्या लग्नानंतर सुरू. मनमाडचं स्थळ हे त्या हंगामातलं शेवटचं. ते मोडलं की मला दिवाळीपर्यंत कुणी विचारणार नव्हतं, आणि तोवर मी कॉलेजात रुजलेली असते. एकदा वर्गात बसलेल्या पोरीला नाना उठवणार नाहीत, एवढा मला त्यांचा भरवसा होता. म्हणजे माझ्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न त्या एका शनिवारच्या दुपारचा होता. पाहुण्यांनी मला नाकारलं पाहिजे होतं.

पण नकार काही मागून मिळत नाही. पोहे खारट करावेत तर पोहे आई करणार. लंगडत यावं तर काय झालं म्हणून आईच सगळ्यांपुढे विचारणार. मुलाला एकटं गाठून सांगावं तर तशी पद्धत नाही. माझ्या हातात होतं ते फक्त गाणं. तेवढी दोन मिनिटं खोलीतली सगळी माणसं गप्प बसणार आणि माझ्या तोंडाकडे बघणार. त्यात कुणी मला अडवू शकणार नाही. आदल्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती भीतीने नव्हे. मला आनंद झाला होता. उद्या नळ न सोडता गायचं, या विचाराने माझे तळवे गरम झाले होते.

शनिवारी दुपारी पाहुणे आले. मुलाचे वडील रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. उंच, पिळदार मिशा, काळा कोट हातावर. त्यांना सगळे अण्णा म्हणत होते. त्यांच्या पत्नी बारीक, घाबरल्यासारख्या, पदर सारखा सावरणाऱ्या. आणि मुलगा. तो मनमाडलाच रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि हातातली बशी अशी धरली होती की जणू ती कुणीतरी थोडा वेळ सांभाळायला दिली आहे. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. नाव, शिक्षण, स्वयंपाक काय काय येतो, हे सगळं झालं. नाना घशाला पट्टी लावल्यासारखे अडखळत बोलत होते. आई दाराआड उभी होती. अण्णांनी बशी खाली ठेवली, मिशीला चिकटलेला पोह्याचा दाणा पुसला आणि म्हणाले, "बेटा, गाना-वाना आता है क्या? येत असेल तर होऊन जाऊ दे."

मी मांडी घातली, पदर नीट केला, मान खाली घातली. आईने दाराआडून समाधानाने बांगड्या मागे सारल्याचा आवाज मला आला. मग मी मान वर केली आणि ते क्लबातलं गाणं म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज थोडा कापला. दुसऱ्या ओळीला सुटला. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज भिंतीला लागून परत माझ्याकडे आला आणि मला तो आवडला, हे मी आज कबूल करायला लाजत नाही. मी रात म्हटली, नशा म्हटली, पाहुण्याला थांबवलं. खिदळले. आणि ओळीच्या शेवटी, अगदी जागेवर, उचकी दिली. नानांचे डोळे मोठे होत होत इतके मोठे झाले की मला वाटलं ते आता उठतील. उठले नाहीत. ते पाहुण्यांपुढे कधी उठत नसत. दाराआड काहीतरी पडलं, बहुतेक आईच्या हातातला चमचा. मी बाहेरच्या दाराकडेच बघत होते, कारण त्या दारातून हे लोक थोड्या वेळात निघून जाणार होते आणि सोमवार माझा होणार होता. मला येत होतं ते पहिलं कडवं संपलं आणि मी थांबले. खाली गल्लीत कुणीतरी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं तेवढंच.

आणि अण्णांनी मांडीवर थाप मारली. "अरे वा वा वा! क्या बात है!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "हे आमच्या रेल्वेच्या क्लबात, इन्स्टिट्यूटमध्ये, असतं बघा नाताळाला. गोरे-काळे, साहेब-खलाशी, सगळे नाचतात. पर ऐसी हिचकी वहाँ भी किसी ने नहीं ली!" ते बायकोकडे वळले. "ऐकलं का? मी काय म्हणत होतो? आपल्या घराला अशी पाहिजे. मोकळी!" त्या बारीकशा बाई पहिल्यांदा हसल्या आणि नानांना म्हणाल्या, "खरं सांगू का दादा, आमच्या घरात बोलणारं कुणी नाही हो. हे ड्युटीवर असायचे, मुलगा हा असा. भिंती खायला उठतात. देवाने बोलती पोरगी दिली तर मला अजून काही नको." अण्णांनी नानांचा हात हातात घेतला. "नारळ आणवा. मुहूर्त आहे अजून एक, एकादशीच्या आत. आम्हाला देणं-घेणं काही नको."

मला पंचवटी माहीत होती. मंदिराच्या घंटा, पुजारी, कुणाची सून कितीदा गॅलरीत दिसली याचा हिशेब ठेवणाऱ्या बायका माहीत होत्या. ज्या गाण्याला आमच्या गल्लीत दारं लागतात त्याला सगळ्या जगात दारं लागत असणार, असं मी धरून चालले होते. रेल्वे कॉलनी नावाची एक वेगळीच दुनिया असते, तिथे मद्रासी, बंगाली, ख्रिस्ती, मुसलमान एका नळावर पाणी भरतात आणि नाताळात इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये रेकॉर्डी लावून नाचतात, हे मला कोण सांगणार होतं? गाडीने दीड-दोन तासांवर मनमाड. मी तिथवर कधी गेलेच नव्हते. बंद घरात वाढलेल्या माणसाची चूकसुद्धा बंद घराएवढीच असते, आणि तिची किंमत मात्र बाहेरच्या भावाने मोजावी लागते. मी बसल्या जागी गार पडले. कृष्णाला आळवलं असतं तर कदाचित ते लोक जांभई देऊन उठून गेले असते, हा विचार मला पुढे कित्येक वर्षं छळत राहिला.

मी आत गेले. आई ओट्याला धरून उभी होती. मला वाटलं मारेल. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला कळलं बरं का तू कशापायी केलं ते. पण देवानं झाकलं. आता तोंडातून ब्र काढू नको."

"आई, माझं सोमवारी..."

"सोमवार गेला आता, शैला. नानांकडे बघ जरा. किती दिवसांनी हसताना दिसले ते." मी दाराच्या फटीतून बघितलं. नाना खरंच हसत होते. आवाज नव्हता त्यांना, नुसतेच खांदे हलत होते. त्या क्षणी मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून मी आणखीनच अडकले. रागावता आलं असतं तर कदाचित पायरी उतरून पळालेही असते.

अण्णांनी बाहेरून आवाज दिला, "पोरापोरीला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलू द्या. जमाना बदललाय." आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं, पण नारळ आणायला माणूस गेला होता आणि नाना कशालाच नाही म्हणण्याच्या अवस्थेत नव्हते. आम्हाला गॅलरीत पाठवलं. दार अर्धं उघडं ठेवलं. दोरीवर माझाच परकर वाळत होता, तो बाजूला सारून मी उभी राहिले. समोरच्या हॉटेलात कुणीतरी कपबशा विसळत होतं. हा माणूस कठड्याला हात लावून खाली बघत होता. मला माहीत होतं की माझ्याकडे फार वेळ नाही. मी सरळ म्हणाले, "मी ते गाणं मुद्दाम म्हटलं. तुम्ही लोकांनी नाही म्हणावं म्हणून. मला डी.एड. करायचंय. सोमवारी नाव पक्कं करायचंय."

तो म्हणाला, "कळलं मला."

"कसं कळलं?"

"तुम्ही गाताना सारख्या दाराकडे बघत होता."

माझ्या जिवात जीव आला. मी पुढे झाले. "मग तुम्ही सांगा ना त्यांना. मुलगी पसंत नाही म्हणा. आवाज आवडला नाही म्हणा. काहीही म्हणा, मला वाईट वाटणार नाही."

तो कठड्यावरचा वाळलेला चुना नखाने खरवडत म्हणाला, "ते गाणं मी रोज ऐकायचो. आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये लागायचं. तिथे एक मुलगी आहे. ख्रिश्चन आहे. इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही..." तो थांबला. "अण्णांना कळलं. आज घरून निघताना त्यांनी सांगितलं, तुला विचारायला नेत नाहीये, दाखवायला नेतोय."

"म्हणजे तुम्हालाही..."

"मला कोण विचारतंय?" तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट बघितलं. त्याच्या नजरेत माझ्याबद्दल ना राग होता ना लोभ. एका खोलीत कोंडलेली दोन माणसं एकमेकांकडे बघतात तसं आम्ही बघितलं.

पुढे आमचा संसार झाला आणि तो वाईट झाला असंही मी म्हणणार नाही. हे मला कधी टाकून बोलले नाहीत. मुलं झाली, क्वार्टर झालं, निवृत्तीनंतर नाशकात हे घर झालं. सणावाराला पाहुणे जमले की अण्णा ते गाणं म्हणायला लावायचे आणि मी म्हणायची. अण्णा गेल्यावर नणंदा लावायच्या, मग जावई. ते सुरू झालं की हे काहीतरी निमित्त काढून उठायचे. पाणी आणायला, दार लावायला, पंखा बघायला. ते कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. त्या मुलीचं नाव मी यांना विचारलं नाही आणि यांनी माझी शाळा कधी विचारली नाही. हे दोन विषय आमच्या घरात रुमालाखाली राहिले.

त्या दिवशी गॅलरीत मात्र उठून जायला जागा नव्हती. आतून अण्णांचा आवाज आला, "अरे या आत, झाल्या का गोष्टी? नारळ आला! सूनबाई, तोंड गोड करायच्या आधी अजून एकदा होऊन जाऊ दे ते!" सूनबाई म्हणाले ते. अजून नारळ फुटलाही नव्हता. यांनी माझ्यासाठी दार धरलं आणि मी शेजारून जाताना, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "हळू म्हणा." मी बसले आणि हळू म्हणायला लागले, अगदी ओठांतल्या ओठांत. अण्णांनी कानाला हात लावला. "जोरात, सूनबाई, जोरात! ते मघासारखं!" सगळे हसले. आईसुद्धा दाराआडून पुढे आली होती आणि मला डोळ्यांनी खुणावत होती, म्हण. मग मी जोरात म्हटलं. रात, नशा, पाहुणा, खिदळणं, सगळं. उचकी आली तिथे अण्णांनी टाळी दिली. समोरच्या खुर्चीवर हे खाली मान घालून बसले होते, आणि मी थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

सोमवारी सकाळी आई मला घेऊन बऱ्याच दिवसांनी खाली उतरली. गल्लीत ऊन होतं, हॉटेलात रेडिओ चालू होता. आम्ही चक्कीवर गेलो आणि लग्नाची हळद दळून आणली.